राजाचा हरवलेला पोपट आणि ग्रिफिथची संत्री

"फोन पोरीला देऊ नकोस," आई म्हणाली, आणि ग्रिफिथला जायची माझी वाट तिथूनच सुरू झाली.

नीट सांगते. आम्ही वसईचे ख्रिस्ती, आता सिडनीत स्कोफिल्ड्सला घर आहे. दर रविवारी वसईत चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून आई घरी आली की आमचा व्हिडिओ कॉल असतो. बाबा गेल्यापासून ती एकटीच आहे, त्यामुळे हा कॉल चुकवायचा नाही असा घरात नियमच आहे. आधी मी बोलते, मग नवरा तोंड दाखवतो, मग फोन माझ्या मुलीकडे, रेचलकडे जातो. ती सोळा वर्षांची आहे. आजी विचारते, "जेवलीस का गं?" नात म्हणते, "येस, ऑल गुड." मग दोघी एकमेकींकडे बघून हसतात आणि फोन परत माझ्याकडे येतो. मे महिन्यातल्या एका रविवारी आईने स्वच्छ सांगून टाकलं, "तिला बोलवत जाऊ नकोस. तिचं मला कळत नाही, माझं तिला कळत नाही. उगाच दात दाखवत बसतो दोघी."

मला ते लागलं. कारण हीच रेचल चार वर्षांची होईपर्यंत आजीच्या कडेवर वाढली. मी इथे युनिला आले तेव्हा ती जेमतेम चालायला लागली होती. मी शिकले, नोकरी धरली, पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळवली आणि मग तिला घेऊन आले. त्याचा मला पस्तावा नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन. पण विमानात बसली तेव्हा या पोरीला आमच्या वसईच्या बोलीशिवाय दुसरी भाषाच येत नव्हती. शेजारच्या गोऱ्या बाईला ती सगळा प्रवासभर आजीच्या कोंबड्यांच्या गोष्टी सांगत होती. आता तिच्या आणि आजीच्या मध्ये दुभाषी म्हणून मी बसते.

त्याच आठवड्यात रेचल म्हणाली, "मम, कॅन आय गो टू ग्रिफिथ विथ बिया? लाँग वीकेंडला. आय ॲम इन द गेम."

बिया म्हणजे तिची जिवलग मैत्रीण, फिलिपिनो. आमच्याच गल्लीत राहते. ब्लॅकटाउनकडे फिलिपिनो मुलामुलींचा एक वाचनगट आहे, तिथे त्यांच्या देशाचं जुनं साहित्य वाचतात. बिया माझ्या लेकीलाही ओढून नेते. सिडनीहून दूरच्या ग्रिफिथ गावात बियाची आजी असते. आजीला त्यांच्यात लोला म्हणतात आणि आजोबांना लोलो. लोलो वारले त्याला वर्ष होत होतं. वर्षाच्या दिवशी त्यांच्यात सुतक उतरवतात, काळे कपडे काढतात आणि जेवण घालतात. त्या दिवशी लोलाला जुन्या पद्धतीचा दुप्लो करायचा होता. दुप्लो म्हणजे कवितेतल्या वादाचा खेळ. आपल्या तमाशातले सवाल-जवाब आठवा, फक्त हा मयताच्या घरी, गेलेल्याच्या नावाने होतो.

म्हणजे माझी मुलगी फिलिपिनो कवितेसाठी सहाशे किलोमीटर जाणार, आणि स्वतःच्या आजीशी मराठीत दोन वाक्यं बोलणार नाही! मी म्हटलं, गाडी मीच चालवणार. नवऱ्याची शिफ्ट होती, तो सुटला.

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. जूनच्या लाँग वीकेंडला जात असाल तर मोटेल महिनाभर आधी बुक करा. आम्हाला तिघींना एक खोली रात्रीला एकशे सत्तर डॉलरला मिळाली, हीटर चांगला होता, बाकी काही विचारू नका. स्कोफिल्ड्सहून एम-सेव्हन धरायचा, मग ह्यूम हायवे. पहाटे अंधारात निघालो तरच दिवसाउजेडी पोचता येतं, आणि ते गरजेचं आहे, कारण संध्याकाळनंतर वॅगाच्या पुढे कांगारू रस्त्यावर येतात. पेट्रोल गोलबर्न गावात शिरून भरा, हायवेवरच्या पंपापेक्षा स्वस्त पडतं. तिथे एक अवाढव्य सिमेंटचा मेंढा आहे. त्याच्यासोबत फोटो काढला नाही तर मुलं माफ करत नाहीत.

गोलबर्नच्या बेकरीत तीन मीट पाय, म्हणजे खिमा भरलेल्या गरम पेस्ट्र्या, घेतल्या. थंडी इतकी की त्यांच्या वाफेने चष्मा धुरकटला. गाडीत परत बसलो तर रेचलने नाक मुरडलं.

"मम, द कार स्मेल्स लाइक आजी."

ती मसाल्याची बरणी होती. आईने टूनगॅबीच्या आमच्या एका मावशीबरोबर पाठवलेला वसईचा मसाला. सुतकाच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून लोलासाठी घेतला होता. मी म्हटलं, "वास येतोय तर बरणी तुझ्या बॅगेत घाल आणि बॅग डिकीत ठेव." तिने कुरकुर करत ठेवली. पण 'आजीसारखा वास' हे तिला बरोबर आठवलं, हे मी मनात टिपून ठेवलं.

यासपर्यंत दोघी झोपल्या. गंडगायच्या पुढे ह्यूम सोडून स्टर्ट हायवेला लागलो तेव्हा बिया जागी झाली. दोन्ही बाजूंना पिवळसर माळ, मधूनच गमचं, म्हणजे निलगिरीचं, झाड, आणि रस्ता सरळ म्हणजे किती सरळ. झोप येऊ नये म्हणून मी तिला विचारलं, "काय वाचता गं तुम्ही त्या गटात?"

मला वाटलं होतं, जुनं साहित्य म्हणजे पोरांना परीक्षेत दहा मार्कांना असतं तसलं काहीतरी. पण बियाचा पट्टा सुरू झाला तो वॅगापर्यंत. ती बोलली इंग्रजीत, मी सार सांगते. त्यांच्या ज्या जुन्या कादंबऱ्यांनी लोकांना 'आपण कोण' हे सांगितलं, त्यांतल्या नामांकित कादंबऱ्या स्पॅनिशमध्ये लिहिलेल्या आहेत. म्हणजे राज्य करणाऱ्यांच्याच भाषेत. ज्या गावकऱ्यांविषयी लिहिलं त्यांतल्या बहुतेकांना त्या वाचता येत नव्हत्या. त्याच्याही आधीची लांबलचक काव्यं होती, ती त्यांच्या स्वतःच्या भाषेत, टागालोगमध्ये. पण त्यांतले राजपुत्र आणि राजकन्या कुठल्या कुठल्या दूरच्या देशांतल्या, लिहिणाऱ्याने कधी न पाहिलेल्या.

"अँड नाऊ आय रीड ऑल ऑफ इट इन इंग्लिश, आंटी," बिया म्हणाली. "इन स्कोफिल्ड्स. सो हू ॲम आय?"

"मग वाचतेस कशाला?"

 ती म्हणाली की त्या पुस्तकांतल्या तरुण पोरांना सगळे सारखे एकच विचारतात, तू स्वतःला समजतोस कोण? शिकून आलेल्याला गाव विचारतं, गावात राहिलेल्याला शहर विचारतं, आणि साहेब तर दोघांनाही विचारतो. "दॅट्स माय होल लाइफ, आंटी. मनिलाला गेले की कझिन्स म्हणतात ऑस्ट्रेलियन. इथे लोक विचारतात, व्हेअर आर यू रिअली फ्रॉम? मला वाटायचं हे फक्त माझंच आहे."

मागच्या सीटवरून रेचल हळूच म्हणाली, "सेम." मी आरशात बघितलं तर ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. घरात हा विषय तिने कधीच काढला नव्हता.

वॅगाला जेवलो. नरँडेराला पाय मोकळे केले. लीटनच्या पुढे मुलूख एकदम बदलतो. कालवे, द्राक्षांचे मळे आणि झाडावर लगडलेली संत्री. रस्त्याकडेला पेटी ठेवलेली असते, पाच डॉलर टाका आणि संत्र्यांची पिशवी उचला, बघायला कुणी नाही. आम्ही दोन पिशव्या घेतल्या. जूनमध्ये गेलात तर ही संत्री अजिबात सोडू नका, सिडनीच्या दुकानातली त्यांच्यापुढे पाणी आहेत.

लोलाचं घर गावाच्या कडेला, संत्र्यांच्या पॅकिंग शेडजवळ आहे. लोलोने त्याच शेडमध्ये आयुष्य काढलं. लोला दारातच खुर्ची टाकून बसली होती. काळा स्वेटर, काळा स्कर्ट, पायांत लोकरी बूट. तिने हात पुढे केला, मागची बाजू वर करून.

आता आम्हा वसईकरांना असा हात फक्त एकाच माणसाचा माहीत. बिशपांचा, अंगठीचं चुंबन घ्यायला. मी क्षणाचाही विचार न करता गुडघा किंचित वाकवला आणि लोलाच्या बोटाचं चुंबन घेतलं. तिथे अंगठीही नव्हती.

लोला मोठ्याने हसली. "मी बिशप झाले, आणि मला कुणी कळवलं नाही!" लोला इंग्रजीत बोलत होती, तिचं सगळं मी इथे मराठीतच लिहिते. आतून बियाची आई ग्लेंडा धावत आली, ती दोन दिवस आधीच स्वयंपाकाला पोचली होती. मग रेचल पुढे झाली. तिने लोलाचा तोच हात हातात घेतला, मान लववली आणि हाताची मागची बाजू आपल्या कपाळाला टेकवली. त्यांच्यात मोठ्यांचा आशीर्वाद असा घेतात. अगदी सहज केलं तिने, रोजचं असल्यासारखं.

लहानपणी रोझरी, म्हणजे संध्याकाळची जपमाळेची प्रार्थना, संपली की आम्ही भावंडं एकामागोमाग एक आईबाबांसमोर उभी राहायचो, आशीर्वादासाठी. रेचलही आजीकडे असताना तसंच करायची. इथे आल्यावर रोझरी सुटली आणि तेही सुटलं. माझी पोर परक्या आजीसमोर वाकलेली बघून मला आनंद झाला की हेवा वाटला, ते विचाराल तर हेवा. सरळ सांगते.

दुसऱ्या दिवशी मिस्सा झाली, कबरीवर फुलं झाली, आणि दुपारी मागच्या अंगणात जेवण. आख्खं भाजलेलं डुक्कर, पानसित नावाच्या शेवया आणि तांदळाचे वाफवलेले पांढरे गोळे, थेट आपल्या सान्नांच्या जातीचे. कुठेही जा, पळसाला पानं तीनच. जेवणं झाल्यावर लोलाने आत जाऊन काळे कपडे काढले आणि फिकट निळा फुलाफुलांचा झगा घालून बाहेर आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ग्लेंडा रडली. लोला म्हणाली, "रडायचं वर्ष संपलं. चला, खेळायला बसा."

खेळ असा असतो. राजा मधोमध बसतो. इथे राजा लोलाच होती. राजाचा लाडका पोपट हरवलेला असतो. राजा कुणावर तरी आळ घेतो, तूच चोरलास. ज्याच्यावर आळ आला त्याने कवितेत उत्तर द्यायचं, आपण निर्दोष आहोत हे पटवायचं आणि मग आळ दुसऱ्यावर ढकलायचा. उत्तर अडलं तर दंड. दंड म्हणजे गेलेल्या माणसाच्या आत्म्यासाठी सगळ्यांसमोर उभं राहून प्रार्थना म्हणायची. लोलाने लहानपणी गावात हे पाहिलं होतं. तिथे म्हणे वाद इतके रंगायचे की मयताचे घरवाले रडायचं विसरायचे.

पहिला आळ बियावर आला. तिने वाचनगटातल्या मुलांच्या मदतीने चार ओळी टागालोगमध्ये रचून पाठ केल्या होत्या. दुसऱ्या ओळीला अडखळली, तिथे लोलाने भुवई उडवली, पण पोरीने रेटलं आणि शेवटी बोट दाखवलं ते रेचलकडे.

रेचल ऐटीत उभी राहिली. तिनेही इंग्रजीत छान यमकं जुळवून आणली होती, गाडीत पुटपुटत होती ती. पहिली ओळ ऐकताच लोलाने हात वर केला.

"थांब. इंग्रजी बँकेत चालतं, डॉक्टरकडे चालतं. इथे नाही."

"बट लोला, मला टागालोग येत नाही."

"तुला टागालोग कुणी सांगितलं? तुझ्या आजीला कळेल असं बोल. नाहीतर दंड."

रेचलने माझ्याकडे बघितलं. मी दरवेळी तिचं वाक्य पूर्ण करते, तोंडावर शब्द आले की पुरवते. त्या दिवशी मी जिभेला कुलूप लावलं. कठीण गेलं, खोटं कशाला बोलू.

"आय कान्ट," ती म्हणाली.

"मग दंड," राजा म्हणाला. "प्रार्थना. तीसुद्धा आजीचीच."

 रेचलने हात जोडले, डोळे मिटले आणि 'आमच्या बापा' म्हणायला लागली. मराठीत. सुरुवातीला शब्द चाचपडत होते. मध्यावर एकदा पूर्ण थांबली. मग तिने काय केलं, अंग किंचित पुढेमागे झुलवलं. आई अशीच झुलते प्रार्थना म्हणताना. आणि पुढचं सगळं घडाघडा आलं, चार वर्षांच्या पोरीच्या सुरात, आमेनपर्यंत. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

लोलाने "आमेन" म्हटलं. बियाने रेचलवर घेतलेला आळ तसाच उभा होता. लोला पुढे वाकून म्हणाली, "तोंड उघडलंय तर आता उत्तरही दे. पोपट कुठाय?"

रेचल इकडेतिकडे बघू लागली. तिची नजर पायाशी पडलेल्या बॅगेवर गेली. मसाल्याची बरणी अजून त्यातच होती, माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं द्यायचं. तिने बरणी बाहेर काढली, हातात उंच धरली आणि एकेक शब्द शोधत म्हणाली:

"पोपट नाही माझ्याकडे, शपथ घेते राजाची,
बॅगेत आहे एकच बरणी आजीच्या मसाल्याची!"

त्या अंगणात हे कळणारी मी एकटी. पण यमक सगळ्यांना कळलं, बरणीही कळली. टाळ्या पडल्या. लोलाने बरणी उघडून वास घेतला, ठसका लागला, डोळे पुसले आणि निकाल दिला, "निर्दोष! या मसाल्यात पोपट जिवंत राहणार नाही."

परतीच्या दिवशी दाट धुकं होतं, म्हणून नरँडेरापर्यंत गाडी हळूच हाकली. तुम्हीही धुकं असेल तर घाई करू नका, मोठे ट्रक अंगावर येतात. गाडीत मागे दोघींची यमकं चालू होती. रेचल मधेच विचारायची, "मम, व्हॉट्स मराठी फॉर थीफ?" मी सांगायचे. मग पुन्हा, "बायको चोर असेल तर?" मी म्हटलं, "बाई चोर असेल तर चोरटी. आणि बायको फक्त नवऱ्याची असते." ती खळखळून हसली.

मी गाडी चालवताना विचार करत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा माझा सहाशे किलोमीटरचा झाला. इतकी वर्षं मी समजत होते की पोर भाषा विसरली. ती विसरली नव्हती. तिला कुणी अडवलंच नव्हतं. आम्ही मराठीत विचारतो, मुलं इंग्रजीत उत्तर देतात, आणि आम्ही ते चालवून घेतो, वर पाहुण्यांना कौतुकाने सांगतो की समजतं हो तिला सगळं. लोलाने चालवून घेतलं नाही, एवढाच काय तो फरक. आणि ते जुनं साहित्य मला पटलं ते यासाठी की ते पोरांना नुसतं ऐकायला बसवत नाही. आळ घेतं आणि उत्तर दे म्हणून मागे लागतं. तू कोण, सांग. आपल्या शब्दांत सांग. बियाच्या कादंबऱ्यांतही तेच होतं, अंगणातल्या खेळातही तेच. हल्लीच्या मुलांना ओळख नाही म्हणणाऱ्यांनी एकदा असं अंगणात बसून बघावं.

घरी आलो. संत्र्यांची एक पिशवी शेजारी वाटली, एक अजून फ्रिजमध्ये आहे. पुढचा रविवार आला. आईचा चेहरा फोनवर दिसला, आणि मी काही बोलायच्या आत रेचलने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"आजी, राजाचा पोपट हरवला. तू चोरलास."

"काय म्हणते ही?" आईने मला विचारलं. मी तोंड मिटून बसले.

रेचलने तिला खेळ समजावला. मोडक्यातोडक्या मराठीत, हातवारे करून. "तू गाणं करून सांगायचं, की तू नाही चोरलं. नाहीतर तुला प्रार्थना लागेल." आई ऐकत होती. आमच्या गावात लग्नात विहीणबाईंना टोमणे मारणारी गाणी ऐनवेळी रचण्यात माझ्या आईचा हात धरणारं कुणी नाही, हे माझ्या लेकीला माहीत नव्हतं. आईने डोक्यावरचा पदर सारखा केला. घसा साफ केला. ती आमच्या बोलीत म्हणाली, मी तुमच्यासाठी साध्या मराठीत लिहिते:

"पोपट कशाला चोरू बाई, मैना माझी गेली,
चोरटी बसली तुझ्या शेजारी, विमानाने नेली!"

रेचल आधी हसली. मग तिला अर्थ लागला. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि फोनचा कॅमेराही माझ्याकडे वळवला. दोघी बघत होत्या. आता आळ माझ्यावर होता.

मला एरवी बोलायला शब्द कमी पडत नाहीत, हे इथवर वाचलेल्यांना कळलंच असेल. युनि, नोकरी, पीआर, घर, सगळी उत्तरं तयार होती आणि सगळी खरी होती. पण त्यांतलं एकही यमकात बसेना.

"दंड," रेचल म्हणाली. मराठीत.

"तुझ्या बाबांसाठी म्हण," आई म्हणाली.

मी उभी राहिले, हात जोडले आणि सुरुवात केली. दुसऱ्या वाक्याला रेचल माझ्याबरोबर म्हणायला लागली, तिसऱ्याला फोनमधून आई. आमेन झाल्यावर रेचलने फोनसमोर डोकं वाकवलं आणि आईने स्क्रीनवर हात ठेवला, तिच्या कपाळावर पडेल असा.

मी नाक पुसत म्हटलं, "आई, आणि काय म्हणतेस? डॉक्टरकडे गेली होतीस का?"

"तुझ्याशी नंतर बोलते," आई म्हणाली. "फोन पोरीला दे."